नव्या फोनला नेटही महाग लावायचं का?

दापोलीपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या आमच्या गावी आत्या एकटी राहते. पुण्यातल्या मुलाने स्वतःला नवा फोन घेतला आणि दोन वर्षं वापरलेला आपला ५जी फोन तिला दिला. ती रिचार्ज मारायला बाजारात गेली, तर दुकानदाराने फोन हातात घेऊन मागेपुढे पाहिला आणि म्हणाला, "काकू, हा फाइव्हजी आहे. याला नेहमीचा पॅक नको, वरचा मारू." आत्याने पैसे दिले. घरी आल्यावर मला फोन केला. "अरे, फोन बदलला म्हणून नेटचे पैसे पण जास्त का द्यायचे रे? मी तर तेच कीर्तन ऐकते आणि तेवढ्याच वेळा तुमची तोंडं बघते."

गावात ५जीचा टॉवर अजून नाही. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की फोन नवा म्हणजे पॅकही मोठा. पण आत्याचा प्रश्न मनात राहिला, कारण जगातल्या मोठमोठ्या मोबाइल कंपन्या आणि सरकारं गेली पंधरा-सोळा वर्षं नेमक्या याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. नवा फोन जास्त नेट खातो, मग त्याच्याकडून जास्त पैसे का घेऊ नयेत?

माझं मत आधीच सांगतो: घेऊ नयेत. नेटवर्कवर जो भार पडतो त्याचे पैसे घ्यावेत, हातात कुठली वस्तू आहे त्याचे नव्हेत. पण हे मत पटायचं असेल, तर टॉवरवर नेमकं काय चालतं ते आधी समजून घ्यावं लागेल.

टॉवरवर संपतं ते काय?

आपण डेटाचा विचार रॉकेलसारखा करतो. दीड लिटर दिलं, दीड लिटर वापरलं, संपलं. "दुपारीच माझा डेटा उडाला" हे बोलणंही त्यातूनच आलं. पण टॉवरपाशी जीबींची टाकी भरलेली नसते. रात्री तीन वाजता टॉवर जवळजवळ रिकामा असतो. त्या वेळी तुम्ही दोन जीबी उतरवून घेतले काय आणि वीस घेतले काय, कंपनीच्या खर्चात सांगण्यासारखा फरक पडत नाही. वीज चालूच असते, जागेचं भाडं भरलेलंच असतं, फायबर टाकलेलंच असतं.

टॉवरवर अपुरा पडतो तो स्पेक्ट्रम, म्हणजे कंपनीने सरकारकडून लिलावात घेतलेला लहरींचा पट्टा. ४जीचा २० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, तर टॉवर त्याचे १०० तुकडे करतो आणि कुठला तुकडा कुणाला द्यायचा हे सेकंदाला हजार वेळा नव्याने ठरवतो. त्या टॉवरच्या एका बाजूच्या सगळ्या फोनना हे शंभर तुकडे वाटून घ्यावे लागतात. संध्याकाळी साडेसातला आयपीएलचा सामना सुरू झाला की मागणारे शेकडो होतात आणि तुकडे शंभरच राहतात. तुमच्या पडद्यावर गोल चक्र फिरू लागतं ते यामुळे. पॅकमध्ये डेटा शिल्लक असतो, पण तुमचा नंबर यायला वेळ लागतो.

हे चित्र आपल्याला नवं नाही. दिवसातून दोनच तास पाणी येणारा सार्वजनिक नळ आठवा. तिथे भांडण पाण्यावरून होत नाही, नळाखालच्या वेळेवरून होतं. एकीची अरुंद तोंडाची कळशी असते, निम्मं पाणी बाहेर सांडतं, भरायला वेळ लागतो. दुसरी रुंद तोंडाची बादली लावते आणि झरझर भरून बाजूला होते. दोघींनी पाणी तेवढंच नेलं, पण नळ जास्त वेळ अडवला तो कळशीने.

जुना फोन ही ती कळशी आहे.

हे नुसतं उपमेपुरतं नाही. टॉवर फोनकडे लहरींचे ठोके पाठवतो आणि एका ठोक्यात किती माहिती भरायची हे फोनच्या कुवतीवर आणि सिग्नलवर ठरतं. सिग्नल क्षीण असेल तर एका ठोक्यात माहितीचे दोन कण, म्हणजे दोन बिट मावतात. चांगल्या सिग्नलला सुरुवातीचे ४जी फोन सहा बिट उचलायचे. नवे फोन आठ उचलतात. म्हणजे त्याच तुकड्यातून एक तृतीयांश जास्त माल. शिवाय साध्या ४जी फोनला दोन अँटेना असतात. चांगल्या नव्या फोनला चार असतात आणि सिग्नल उत्तम असेल तर एकाच वेळी चार प्रवाह ओढता येतात. अर्थात घराच्या आतल्या खोलीत, जाड भिंतींमागे बसलात तर नव्या फोनची बादलीही अरुंद होते. तरी एकंदर हिशेब असा, की तोच एक जीबी नव्या फोनला पोहोचवायला टॉवरला कमी कष्ट पडतात.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे ५जी फोन वेगळ्या नळाला जाऊ शकतो. २०२२ च्या लिलावात जिओ आणि एअरटेल या दोघांनी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात देशभर प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ घेतले. ४जीसाठी कंपन्या एका पट्ट्यात जितकी जागा वापरतात त्याच्या कैक पट ही जागा आहे. या नळाखाली जुना फोन उभाच राहू शकत नाही; त्याच्या अँटेनाला ती लहर कळत नाही. म्हणून एखाद्या चाळीतली दहा माणसं ५जीवर गेली की त्यांचा वेग वाढतोच, पण मागे ४जीच्या रांगेत राहिलेल्या चाळीस जणांचाही नंबर लवकर लागतो. नवा फोन घेणाऱ्याने रांग कमी केली. त्यालाच दंड करायचा?

पण नवा फोन पितोही जास्त

कंपन्यांच्या बाजूचं म्हणणं इथे नीट ऐकून घेतलं पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. नोकियाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात ५जीवरचा माणूस ४जीवाल्याच्या साधारण ३.६ पट डेटा वापरतो. देशातला सरासरी वापरही महिन्याला माणशी २४ जीबीवर पोहोचला होता.

असं का होतं ते कुठलाही नवा फोन चार दिवस वापरला की कळतं. पडदा मोठा आणि स्वच्छ, म्हणून अ‍ॅप आपणहून वरच्या दर्जाचा व्हिडिओ मागतं. कॅमेराही तसाच. साध्या एचडीत मिनिटभराचं चित्रीकरण साधारण ६० एमबी होतं, तेच ४केमध्ये १७० एमबींच्या पुढे जातं, आणि मग ते सगळं फोन गुपचूप क्लाउडवर चढवत बसतो. नेट वेगवान असलं की माणूसही थांबत नाही. आधी "वायफायवर बघू" म्हणून बाजूला ठेवलेलं तो बसमध्येच उघडतो.

म्हणजे एक जीबी पोहोचवणं स्वस्त झालं, पण जीबींची संख्या वाढली. या दोन्हींतलं काय वरचढ ठरतं? ते ठिकाणावर आणि वेळेवर अवलंबून आहे. पुण्याच्या एखाद्या आयटी पार्कशेजारी, जिथे सगळ्यांकडेच नवे फोन आहेत, तिथे ५जीचाही नळ एक दिवस भरून जाईल. दापोली तालुक्यातल्या डोंगराआड, जिथे ५जी नाहीच, तिथे आत्याचा नवा फोन आणि शेजारणीचा जुना फोन एकाच ४जीच्या रांगेत आहेत. आत्या जे बघते तेच शेजारीण बघते. तिथे जास्तीचे पैसे घ्यायला काहीही आधार नाही.

फोनचं मॉडेल पाहून तुम्हाला भाराबद्दल काहीतरी कळतं, पण इतकं पुसट कळतं की त्यावर बिल लावणं अन्यायाचं होतं, असं मी म्हणतो ते यामुळे.

एचपीवरचं बिल

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा वाद दुसऱ्या रूपात पाठ आहे. ज्या शेतीपंपांना मीटर नाही, त्यांच्या विजेचं बिल पंप किती चालला यावर येत नाही, पंप किती एचपीचा (अश्वशक्तीचा) आहे यावर येतं. पाच एचपीवाल्याने महिन्यात दहा तास चालवला काय आणि दोनशे तास चालवला काय, आकडा तोच. आता साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं, पण ती मर्यादासुद्धा एचपीतच मोजलेली आहे.

ही पद्धत का आली हे समजण्यासारखं आहे. वावरावावरात मीटर बसवणं, वाचणं, सांभाळणं महाग आणि कटकटीचं. पंपावरचा एचपीचा आकडा वाचणं सोपं. पण परिणाम काय झाला? ज्याच्या विहिरीला पाणी नाही तोही पूर्ण भरतो. ज्याला पाणी आहे त्याला पंप बंद करायचं काही कारण उरत नाही. आणि कागदावरचा एचपी खरा की विहिरीवरचा, यावरून वाद कायमचे.

फोन पाहून नेटचे पैसे लावणं म्हणजे एचपीवरचं बिल. फरक एवढाच, की शेतात मीटर नव्हता म्हणून ती पद्धत आली. मोबाइलमध्ये तर प्रत्येक एमबी मोजणारा मीटर पहिल्या दिवसापासून बसलेला आहे. मीटर असताना एचपीवर बिल कशाला?

(फोन कुठला आहे हे कंपनीला कळतं कसं, असं कुणी विचारेल. प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून तुमचा तुम्हीही पाहू शकता. नेटवर्कला जोडताना फोन हा क्रमांक आणि आपली कुवत टॉवरला स्वतःच कळवतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.)

अमेरिकेत दहा डॉलर, कोरियात सक्ती

हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. अमेरिकेत जून २०१० मध्ये स्प्रिंट कंपनीने एचटीसीचा इव्हो ४जी हा फोन आणला आणि तो घेणाऱ्याला दर महिन्याला दहा डॉलर जादा लावले. लोकांना वाटलं हे ४जीचे पैसे. पण ज्या शहरांत स्प्रिंटचं ४जी पोहोचलंच नव्हतं, तिथल्या गिऱ्हाइकांनाही तेच दहा डॉलर पडत होते. कंपनीचा खुलासा असा, की हे ४जीचं शुल्क नाही, या फोनवर मिळणाऱ्या समृद्ध अनुभवाचं आहे. जानेवारी २०११ च्या अखेरीपासून हेच दहा डॉलर तिने नव्याने सुरू होणाऱ्या सगळ्या स्मार्टफोनना लावले, कारण स्मार्टफोनवाले साध्या फोनपेक्षा कितीतरी जास्त डेटा वापरतात. आत्याला दुकानदाराने दिलेलं उत्तर आणि हे उत्तर, दोन्हींचा सूर एकच आहे.

त्याच सुमाराला एटीअँडटी या दुसऱ्या अमेरिकी मोबाइल कंपनीने वेगळी वाट धरली. अमेरिकेत आयफोन तेव्हा फक्त तिच्याकडेच मिळत होता आणि मोठ्या शहरांत तिचं नेटवर्क गुदमरलं होतं. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख राल्फ दे ला वेगा यांनी जाहीरपणे सांगितलं, की स्मार्टफोनवाल्यांपैकी तीन टक्के लोक एकूण डेटाच्या चाळीस टक्के वापरतात. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांच्या हातात स्मार्टफोनच, आणि तरी शंभरातले तीन जण चाळीस टक्के डेटा ओढतात. म्हणजे फोन पाहून भार कळत नाही, हे कंपनीच्याच आकड्यांनी दाखवलं. जून २०१० मध्ये एटीअँडटीने नव्या गिऱ्हाइकांसाठी अमर्याद डेटा बंद करून २०० एमबीला १५ डॉलर आणि २ जीबीला २५ डॉलर असे दर लावले. ते दर आज डोळे पांढरे करणारे वाटतात, पण मोजायची पद्धत स्प्रिंटपेक्षा सरळ होती.

सर्वांत बोलकं उदाहरण दक्षिण कोरियाचं. एप्रिल २०१९ मध्ये, जगात पहिलं यायच्या घाईत, तिथल्या तिन्ही कंपन्यांनी रात्री अकरा वाजता ५जी सुरू केलं. कंपनीकडून ५जी फोन घेतला की ५जीचाच पॅक घ्यायचा, ४जीचा स्वस्त पॅक मिळणार नाही, असा नियम होता. पॅक सुरू व्हायचे महिना ५५ हजार वॉनपासून (वॉन हे तिथलं चलन). टॉवर मात्र मोजक्या ठिकाणी. लोक महागडा पॅक भरत होते आणि फोन बराच वेळ ४जीवर चालत होता. तक्रारी वाढल्या, खटले दाखल झाले. मे २०२३ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने वेगाचे फुगवलेले दावे केल्याबद्दल तिन्ही कंपन्यांना मिळून ३३६० कोटी वॉनचा दंड केला. जाहिरातीत सेकंदाला २० गिगाबिट. लोकांना मिळत होते सरासरी एक गिगाबिटपेक्षाही कमी. आणि नोव्हेंबर २०२३ पासून, सरकारशी बोलणी झाल्यावर, ५जी फोनवर ४जीचा पॅक घ्यायची मुभा टप्प्याटप्प्याने तिन्ही कंपन्यांना द्यावी लागली.

साडेचार वर्षं लागली एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला.

आपल्याकडे उलटंच घडलं

भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा नव्या फोनला महाग पॅक लावायची सगळी कारणं कंपन्यांकडे होती. त्या वर्षीच्या लिलावात एकूण दीड लाख कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम विकला गेला होता. एकट्या जिओचा वाटा ८८ हजार कोटींचा. वीस वार्षिक हप्ते, वर व्याज. तरी जिओ आणि एअरटेलने नेहमीच्याच पॅकवर ५जी अमर्याद देऊन टाकलं. स्पर्धा होती हे खरं, पण नळाचं गणितही तेच सांगत होतं. नवा नळ रिकामा आणि जुन्यापुढे झुंबड असेल, तर लोकांना नव्याकडे वळवण्यात कंपनीचाच फायदा.

जुलै २०२४ मध्ये दर वाढले आणि चित्र थोडं बदललं. जिओचंच उदाहरण घेऊ. त्या दरवाढीनंतर २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक २९९ रुपयांना झाला आणि रोज दोन जीबीचा ३४९ ला. अमर्याद ५जी फक्त रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या पॅकवर. म्हणजे ५जीच्या दारावर पन्नास रुपयांचं तिकीट बसलं.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. ३४९ च्या पॅकवर ४जी फोनवाल्याला २८ दिवसांत ५६ जीबी मिळतात. जीबीला साधारण सव्वासहा रुपये. त्याच पॅकवर ५जी फोनवाल्याने समजा दीडशे जीबी वापरले, तर त्याला जीबी पडला सव्वादोन-अडीच रुपयांना. पॅक एक, किंमत एक, आणि जुन्या फोनवाला जीबीमागे जवळजवळ पावणेतीन पट भरतोय. अमेरिकेत नव्या फोनला जास्त लावले. आपल्याकडे, मुद्दाम ठरवून नसेल, पण जुन्या फोनला जास्त लागले.

याहून पुढे जाऊ. जिओने जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओ भारत फोन आणला. त्याचा १२३ रुपयांचा, २८ दिवसांचा, १४ जीबींचा पॅक फक्त त्याच फोनवर चालतो. हे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर तो पॅक चालणार नाही. त्याआधी २०१७ च्या जिओफोनलाही असेच खास पॅक होते. म्हणजे फोन पाहून दर लावणं आपल्याकडे आहेच, फक्त ते खालच्या दिशेने आहे. महिन्याचा खर्च कमी म्हणून गरिबाला ते परवडतं. पण जीबीचा भाव काढलात तर पावणेनऊ रुपये येतो, तिघांत सर्वांत जास्त.

याला अन्याय म्हणायचं का? मी या प्रश्नावर बराच घोळलो. रोज अर्धा जीबीही पुरणाऱ्या माणसाला १२३ रुपयांत कॉल, नेट आणि यूपीआय मिळत असेल, तर जीबीच्या भावाचा त्याला काय उपयोग? त्याला महिन्याची रक्कम कळते. ही सवलत मी वाईट मानत नाही. खटकतं ते बांधलेपण. मुंबईतल्या भावाने जुना स्मार्टफोन पाठवला की त्या माणसाचा स्वस्त पॅक गेला. वर चढायच्या पहिल्याच पायरीवर जकात बसते.

२जीवाल्या आजीचं काय?

नव्या फोनला जास्त लावा म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा टॉवरचा नाही, वाटपाचा आहे. ५जीवर झालेला खर्च कुणाकडून वसूल होतो? जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेलचा २८ दिवसांचा सर्वांत खालचा कॉलिंगचा पॅक १७९ वरून १९९ झाला. बटणाचा फोन वापरणारी, नेटशी काही देणंघेणं नसलेली आजीसुद्धा वीस रुपये जास्त भरू लागली. तिच्या गावात ५जी नाही, तिच्या फोनला ते कळत नाही, आणि तरी ५जीसाठी काढलेल्या पैशांचा भार तिच्यापर्यंत झिरपला. नव्या फोनवाल्यांकडून थेट घेतले असते तर आजी वाचली असती, असं म्हणता येतं.

हा मुद्दा मी टाळू शकत नाही, कारण तो खरा आहे. पण आजीला वाचवायचा रस्ता तिच्या नातवाच्या फोनवर कर बसवण्यातून जात नाही. जे ती वापरत नाही ते तिच्या गळ्यात घालू नका, एवढंच पुरे. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये हेच केलं: डेटा नसलेले, फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक ठेवणं कंपन्यांना सक्तीचं केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ते बाजारात आले. त्यांच्या किमती माझ्या मते अजून जास्त आहेत. ८४ दिवसांसाठी साडेचारशेच्या आसपास म्हणजे महिना दीडशे रुपये, केवळ बोलण्यासाठी. पण दिशा बरोबर आहे.

आणि कंपन्यांना पैसे लागतात हेही नाकारून चालणार नाही. २०२४ च्या अखेरच्या तिमाहीत जिओला एका गिऱ्हाइकामागे महिन्याला सरासरी २०३ रुपये मिळत होते, एअरटेलला २४५. २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये मोजणारा हा देश २०१८ मध्ये बारा रुपयांच्या आत आला. ती घसरण गिऱ्हाइकाला सुखाची होती, पण त्यात कंपन्या बुडाल्या, विलीन झाल्या. कोकणात अजून कितीतरी वाड्या अशा आहेत जिथे बोलायला बांधावर यावं लागतं. २०२० च्या टाळेबंदीत मुलं अभ्यासासाठी डोंगर चढत होती. तिथे टॉवर उभा करायला पैसा लागतो आणि तो आपल्याच रिचार्जमधून येतो. प्रश्न पैसे द्यावेत की नाही हा नाहीच. कशावर द्यावेत, हा आहे.

मग कशावर लावावेत?

वेगावर लावता येतात. फिनलंडमध्ये बऱ्याच काळापासून डेटा अमर्याद असतो आणि दर वेगानुसार. ब्रिटनमध्ये व्होडाफोनने २०१९ मध्ये असेच तीन पॅक काढले: सेकंदाला २ मेगाबिटवाला स्वस्त, १० वाला मधला आणि खुला महाग. व्हिडिओ कॉलला दोन मेगाबिट पुरतात. आत्यासारख्या माणसाने खालचा घ्यावा, खेळ खेळणाऱ्या पोराने वरचा. फोन कुठला हे विचारायची गरजच नाही.

वेळेवरही लावता येतात. महावितरण बरीच वर्षं कारखान्यांना रात्रीच्या विजेवर सवलत द्यायचं आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांना जादा आकारायचं. मोबाइलमध्ये व्होडाफोन आयडियाने २०२१ पासून काही पॅकवर रात्री बारा ते सकाळी सहा डेटा मोकळा ठेवला, तो याच विचारातून. रिकाम्या नळाखाली कुणीही कितीही भरा. माझा या पद्धतीवर जीव आहे, पण तिची अडचणही दिसते. ज्या घरात एकच फोन आणि तीन शिकणारी मुलं आहेत, त्यांना मध्यरात्रीचा डेटा देऊन काय होणार?

पैसे घेऊन रांगेत पुढे घुसवणं मात्र नको. २०२० मध्ये व्होडाफोन आयडियाच्या रेडएक्स आणि एअरटेलच्या प्लॅटिनम या पॅकमध्ये जास्त भरणाऱ्याला प्राधान्याचा वेग मिळेल असं जाहीर झालं, तेव्हा ट्रायने दोन्ही कंपन्यांना थांबायला सांगितलं. बाकीच्यांचा वेग खाली जाणार नाही याची खात्री काय, हा प्रश्न होता. व्होडाफोन आयडिया याविरुद्ध दूरसंचार न्यायाधिकरणात गेली. कायदा इथे जरा अवघड जागी आहे. फेब्रुवारी २०१६ चा ट्रायचा नियम तुम्ही काय पाहता यावरून वेगळा दर लावायला मनाई करतो; अमुक अ‍ॅप फुकट आणि तमुक महाग हे चालत नाही. पण कशावर पाहता, म्हणजे फोन कुठला, याबद्दल तो नियम गप्प आहे. तिथे आधार आहे तो ट्रायच्याच १९९९ च्या दर आदेशाचा, ज्यात एकाच वर्गातल्या गिऱ्हाइकांत भेद करू नये आणि वर्ग मनमानी पाडू नयेत असं म्हटलं आहे. नवा फोन असणं हा वर्ग मनमानी आहे की नाही, यावर कधीतरी नीट वाद व्हायला हवा. माझ्या दृष्टीने तो मनमानीच आहे, कारण एका गावात, एका टॉवरखाली, एकच कीर्तन ऐकणाऱ्या दोन बायका वेगळ्या वर्गात कशा पडतात हे मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

गणपतीला गावी गेलो तेव्हा आत्याचा फोन हातात घेतला. सेटिंगमध्ये जाऊन महिन्याचा वापर काढला: एकोणीस जीबी. कोपऱ्यात ४जी. महिनाभरात एकदाही ५जीचं चिन्ह दिसलं नाही, असं ती म्हणाली. एकोणीस जीबी म्हणजे दिवसाला एक जीबीसुद्धा नाही, आणि तोही बहुतेक दुपारी जेवणं आटोपल्यावर, टॉवर निवांत असताना. फोटो आपोआप वर चढवणं बंद करून दिलं, व्हिडिओचा दर्जा एक पायरी खाली आणला. त्या पुढच्या महिन्यात ती पुन्हा त्याच दुकानात गेली. दुकानदाराने सवयीने विचारलं, "काकू, फाइव्हजीवालाच ना?" आत्या म्हणाली, "आपल्या गावात टॉवर लागेल तेव्हा मला सांग. तोवर दीड जीबीचा मार."